दहा वॉनचं लाल नाणं

कुवेतच्या हवल्लीत नूरुद्दीन सरगुरोहकडे चहाला जायचं तर तासभराची सवड काढूनच जावं लागे. चहा पाच मिनिटांत व्हायचा. उरलेली पंचावन्न मिनिटं कोरियाच्या नाण्यांची असत. कुणी भाच्याच्या व्हिसाचं विचारायला आलेलं असो, कुणी लग्नाचं आवतण द्यायला, नूरुद्दीन कपाटातून जिन्सेंग चहाची चपटी पत्र्याची डबी काढायचा, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायचा आणि सुरू व्हायचा. पाहुणा परत निघायचा तेव्हा व्हिसाचं तसंच राहिलेलं असायचं, पण कोरियाच्या एक वॉनवर जे फूल आहे ते आपल्या जास्वंदीच्या कुळातलं, ही माहिती मात्र त्याच्या पदरात पडलेली असायची. लोक मागे हसत. तोंडावर हसत नसत, कारण माणूस गरीब होता, आणि त्याच्या बायकोच्या, फखरुन्निसाच्या, हातचं मासळीचं कालवण चुकवायची कुणाचीच तयारी नसे.

नूरुद्दीन बाणकोटचा. बापआजे गलबतांवर तांडेल. हा एक्क्याण्णव साली, लढाई संपून तेलविहिरींचा धूर निवळत होता तेव्हा कुवेतला आला आणि एका कोरियन बांधकाम कंपनीत फर्राश म्हणून लागला. फर्राश म्हणजे चहा करणारा, टेबलं पुसणारा, कागद इकडून तिकडे नेणारा. चौतीस वर्षं झाली तरी तो फर्राशच होता. आधी खैरानच्या वाटेवरच्या साइटवर, पत्र्याच्या ऑफिसात. नंतर शर्कमध्ये नवव्या मजल्यावर, जिथे खिडकीतून समुद्र दिसे पण खिडकी उघडत नसे. त्याच्या हातचा चहा पीत कितीतरी साहेब आले, मोठे झाले, गेले. त्यांना तो नुसता ‘नूर’ म्हणून माहीत. सरगुरोह हे आडनाव फक्त इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर होतं.

नाण्यांचं वेड लागलं ते या टेबलं पुसण्यातूनच. सुट्टीहून परतलेले कोरियन खिशातली मोड टेबलावरच्या पेल्यात टाकून मोकळे होत. कुवेतमध्ये तिचा उपयोग नाही, पुढच्या खेपेला न्यायचं ध्यानात राहत नाही, असं करत पेले भरत. चौऱ्याण्णव साली एकदा पेला पुसताना नूरुद्दीनच्या हाताला पाच वॉनचं एक जुनं नाणं लागलं. त्याच्यावर जहाज होतं, आणि जहाजावर कासवाच्या पाठीचं झाकण. तांडेलाच्या पोराला राहवेना. समोर बसलेल्या यून नावाच्या तरुण इंजिनियरला त्याने मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं की असल्या जहाजात माणसाला उभं राहायला जागा नाही, हे पहिल्याच लाटेला बुडणार. यून साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, वल्ही कुठे, तोफा कुठे, आणि चारशे वर्षांपूर्वी हे जहाज बुडालं नाही, त्याने समोरच्यांची बुडवली. त्या दिवशी चहा उशिरा गेला आणि नूरुद्दीनने मॅनेजरचा ओरडा खाल्ला.

पुढची सतरा वर्षं, यून साहेब कुवेतमध्ये होते तोवर, ही शाळा चालली. शुक्रवारी ते हवल्लीत जेवायला येत, सोबत घरून मागवलेली जुनी नाणी आणत. सगळं क्रमाने शिकवत. एकोणसाठ साली कोरियाची पहिली नवी नाणी आली ती अमेरिकेत पाडून. त्यांतल्या एकावर त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाचा चेहरा होता. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याला खाली खेचलं आणि मग ते नाणंही बाद झालं. सहासष्टला एक वॉनवर फूल, पाचवर ते कासवजहाज आणि दहावर दाबोताप, म्हणजे एका बौद्ध मठातला दगडी मनोरा. सत्तरला शंभर वॉनवर आरमाराचा सेनापती आला, जहाज त्याचंच. बहात्तरला पन्नासवर भाताची लोंबी. ब्याऐंशीला पाचशेची नोट जाऊन नाणं आलं, त्याच्यावर उडणारा क्रौंच. त्र्याऐंशीला सगळी पुन्हा आखली, एका घरातली वाटावीत अशी, एका अंगाला चित्र आणि अक्षरांत किंमत, दुसऱ्या अंगाला मोठा आकडा, साल आणि बँकेचं नाव.

नूरुद्दीनने हे नुसतं पाठ केलं नाही, त्यात स्वतःची मतंही मिसळली. लोंबी त्याला फार आवडायची. भरलेली, एका बाजूला कललेली. ज्याने ती काढली त्याने भात कापलाय, असं तो छातीठोक सांगे. नव्या दहावर मनोऱ्यात दगडी सिंह दिसायला लागला तेव्हा कोरियात वावडी उठली होती की तो सिंह नाही, बुद्ध आहे, आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्या कुणीतरी आपलं नशीब उघडावं म्हणून तो गुपचूप घालायला लावलाय. ही गोष्ट तो अशी रंगवायचा की ऐकणारा आलेलं काम विसरे. दोन हजार सहाला दहाचं नाणं आखडून बोटाच्या पेराएवढं झालं, ते मात्र त्याला बिलकूल पसंत नव्हतं. एवढ्याशा जागेत मनोरा कसा मावणार, असं तो विचारायचा, जणू समोरच्याने तो मापून दिला होता.

यून साहेबांचा जीव अडकला होता तो सत्तर सालात. त्या साली दहाचा धातू बदलला. आधीच्यात तांबं जास्त, रंग लालसर. मग जस्त वाढवलं, पितळ झालं, रंग पिवळा. चित्र तेच, साल तेच, रंग दोन. सत्तरची पिवळी कितीही मिळतात, लाल क्वचितच. साहेबांना ते कधी मिळालं नव्हतं, आणि दुकानातून विकत घ्यायला त्यांची साफ ना होती. नाणं खिशातून निघालेलं हवं, म्हणायचे. त्यांचा दुसरा नियम तर पहिल्या दिवशीच घालून दिलेला. नाण्याला पाणी लावायचं नाही, घासायचं नाही, कडेने धरायचं. वर्षानुवर्षं चढलेला काळपटपणा हाच त्याचा दाखला, घासलं की ते नाणं मेलं. नूरुद्दीनने हा नियम नमाजासारखा पाळला. तरीही त्याची नाणी लखलखीत असत. त्याचं श्रेय तो कुवेतच्या कोरड्या हवेला द्यायचा. बाणकोटात असती तर एव्हाना हिरवी पडली असती, हे वाक्य प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं.

फखरुन्निसा या बैठकींना कधी बसली नाही. तिला कुणी बसवलंच नाही. अठ्ठ्याण्णवला ती कुवेतला आली, दोन वर्षांनी लुबना झाली. शुक्रवारी यून साहेब आले की ती झुबेदी, म्हणजे इथलं पापलेट, तळायची, सोलांचं, म्हणजे कोकमांचं, सार करायची आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच ताट पुढे करायची. साहेब दोन्ही हातांनी ताट घेत आणि मान लववत. ‘मॅडम, व्हेरी गुड,’ एवढंच त्यांचं तिच्याशी बोलणं. एकदा टॉवेलवर मांडलेली नाणी बघत ती जरा थांबली, तर नूरुद्दीन म्हणाला होता, हात नको लावूस, तुला काय कळायचं त्यातलं. मनात वाकडं काही नव्हतं. पण म्हणाला होता.

गेल्या रमजानच्या तोंडावर ती स्वयंपाकघरात कोसळली. चार दिवस हॉस्पिटलात होती, शुद्धीवर आली नाही. पाचव्या दिवशी तिला सुलैबिखातच्या कब्रस्तानात एका आखूड दगडाखाली ठेवून बापलेक परत आले. लुबना आता पंचविशीची, दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. बापाची बोली तिला सगळी कळते, पण उत्तर बहुधा इंग्रजीत येतं.

डिसेंबरात कंपनीने शर्कचं ऑफिस मार्चअखेर बंद करायचं जाहीर केलं. साठीला टेकलेल्या फर्राशाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? इकामा रद्द, तिकीट हातात. लुबनाचा इकामा तिच्या दवाखान्याचा, ती दोन नर्सबरोबर खोली करून राहणार. बाणकोटला नूरुद्दीन एकटा जाणार, आणि बायको इथल्या मातीत राहणार. हे ठरलं तेव्हापासून त्याच्या मनाने एकच धोशा घेतला. चौतीस वर्षं या देशात काढली, आणि इथे कुठेही, भिंतीवर, कागदावर, दगडावर, आपलं नाव नाही. उद्या आपण इथे होतो हे कुणाला पटवून द्यायचं म्हटलं तर काय दाखवायचं? लुबनाला त्याने हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘अब्बा, नोबडीज नेम इज एनीव्हेअर.’ खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

आणि नेमका जानेवारीत सोलहून यून साहेबांचा निरोप आला. ते आता निवृत्तीला आले होते. कंपनीच्या मुख्य इमारतीत खालच्या दालनात एक फ्रेम लावायची त्यांच्या मनात होती, कोरियाच्या नाण्यांची चित्रं कशी बदलत गेली ते दाखवणारी, आणि त्यासाठी त्यांना नूरुद्दीनचीच नाणी हवी होती. परदेशातल्या साइटवर, आपल्याच माणसांच्या खिशांतून पडलेली. खाली इंग्रजीत आणि कोरियनमध्ये पाटी असेल, ‘नूरुद्दीन सरगुरोह, कुवेत, यांच्या संग्रहातून’. फक्त एक अडचण होती. ही नाणी तशी साधी, वरचे लोक सहज मान्यता देणार नाहीत. सत्तरची जोडी, लाल आणि पिवळी शेजारी शेजारी, दाखवता आली तर मी त्यांना पटवतो, असं साहेबांनी लिहिलं होतं.

नूरुद्दीनने तो निरोप लुबनाकडून तीनदा वाचून घेतला. आडनावासकट, असं तो मधेच म्हणाला.

डबीच्या तळाशी दहाची दोनेकशे जास्तीची नाणी होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याने ती एकदा चाळली होती आणि लाल काही सापडलं नव्हतं. तरीही शुक्रवारी जुम्म्याहून आल्यावर तो भिंग घेऊन बसला. एकेक सुलट करायचं, साल बघायचं, बाजूला ठेवायचं. पाठ भरून आली. आणि दीडशेच्या पुढे कुठेतरी ते निघालं. साल एकोणीसशे सत्तर. रंग लाल. पिवळं शेजारी ठेवून बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं, लुबनाला बोलावून दाखवलं. लालच. आपण मागच्या वेळी झापडं लावून चाळलं होतं असं म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला, आणि वर्षभरात पहिल्यांदा लुबनाने बापाला हसताना पाहिलं.

मग त्याने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल तो नूरुद्दीन कसला. मशिदीत सांगितलं, इमारतीच्या वॉचमनला सांगितलं, ऑफिसात तर खोकी बांधणाऱ्यांनाही थांबवून सांगितलं. लोकांनी मिठाई मागितली, त्याने दोन किलो आणून वाटली. ज्यांनी वर्षानुवर्षं पाठीमागे टवाळी केली ते हात मिळवून गेले. तीन दिवस तो गाढ झोपला. त्या दालनात येणारीजाणारी माणसं थांबून आपलं नाव वाचतायत, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं.

चौथ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. लुबनाने काढून पाठवलेला फोटो बघून त्यांना आनंद झाला होता, पण एक शंका होती. पंचावन्न वर्षांचं तांबं तपकिरी पडतं, हे एवढं लालभडक कसं? वजन करून बघा, त्यांनी लिहिलं होतं. लाल असेल तर चार पूर्णांक बावीस ग्रॅम. पितळेचं असेल तर चार पूर्णांक शून्य सहा.

मुबारकियाच्या बाजारात दापोलीकडचा झहूर सोनाराच्या दुकानात कामाला होता. त्याच्याकडे काचेच्या पेटीतला काटा. नूरुद्दीनने नाणं ठेवलं. आकडे हलले आणि चार पूर्णांक शून्य पाचवर थांबले. काटा बिघडलाय, नूरुद्दीन म्हणाला. दिवसभर सोनं तोलणाऱ्या झहूरला ते लागलं, पण वयाचा मान ठेवून त्याने पुन्हा तोललं. शून्य पाच. मग नूरुद्दीनने खिशातून सदुसष्टचं लाल नाणं काढून दिलं. ते चार पूर्णांक एकोणीस भरलं. एक पिवळं दिलं, चार पूर्णांक शून्य सहा. पुन्हा सत्तरचं. शून्य पाच. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

झहूरने नाणं उचलून अंगठ्याने चोळलं. "चाचा, ह्या पितळच हाय," तो म्हणाला. "आंबटात पडलेला हाय कवातरी. वरचा जस्त ग्येला, तांबा र्‍हायला."

कोकणात वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागावं, याइतकी नामुष्की नाही. पितळेचं भांडं सोलांच्या पाण्यात घालतात ते उजळायला, आणि लगेच काढून घासतात. विसरून तसंच ठेवलं की तांबूस पडतं आणि सासू बोलते. बाणकोटातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक. नूरुद्दीनलाही ठाऊक होतं. त्या तीन दिवसांत ते त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण ते यायला त्यालाच नको होतं.

तो दुपारी घरी आला तेव्हा लुबना जेवण गरम करत होती. सोलं आणि नाणी यांचा काही संबंध तिला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. लुबनाने गॅस बंद केला.

"अम्मी ती दर रमजानच्या आधी धुवायची," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की."

"कनची?"

"सगळी. द होल डबी."

मग तिने सांगितलं. गावी रमजानच्या आधी घरातलं पितळ काढून उजळतात, तसं फखरुन्निसा इथेही करायची. इथे पितळ ते काय, एक तबक आणि एक तांब्या. त्यांच्याबरोबर ती नाणी घ्यायची. सोलांच्या पाण्यात बुडवायची, लगेच काढून तांदळाच्या पिठाने चोळायची, धुऊन एकेक टिपायची आणि ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने डबीत परत मांडायची. लुबना लहान होती तेव्हा तिला टिपायला बसवायची. अब्बांना ती चमकलेली आवडतात, बघ कसे सगळ्यांना सांगतात, म्हणायची. गेल्या वर्षी तळातली जास्तीची नाणी धुवायला घेतली आणि त्यातच ती पडली. चार दिवसांनी लुबना हॉस्पिटलातून कपडे न्यायला आली तेव्हा सगळं तसंच होतं. धुतलेली नाणी फडक्यावर सुकत ठेवलेली. वाडग्यात काळंलाल पाणी.

"मी वाडगा ओतला तर तळाला एक राहिलं होतं," लुबना म्हणाली. "पुसून डबीत टाकलं. आय डिडन्ट नो, अब्बा."

"मना कधी बोलली नाय ती."

"तुम्ही रागवाल म्हणून. हात नको लावूस म्हणाला होतात ना." लुबनाने शेगडी पुसायला फडकं घेतलं. "एकदा मला विचारलेलं तिने, ह्या दहावर कसला देऊळ हाय. आय सेड, आस्क अब्बा. तर म्हणाली, त्यांना कशाला तरास."

नूरुद्दीनला आधी आला तो राग. लाज वाटावी असा राग, मेलेल्या बायकोवर. सव्वीस वर्षं! फूल, जहाज, सेनापती, एक नाणं तिने सोडलं नव्हतं. ज्या माणसांसमोर आपण कोरड्या हवेचं कौतुक केलं, त्यांना आपण मेलेली नाणी दाखवत होतो. जिचं काम चुलीपाशी तिने इथे हात घालायचा कशाला? हे त्याच्या ओठांपर्यंत आलं. मुलगी समोर होती म्हणून तिथेच राहिलं.

तो आतल्या खोलीत जाऊन खाटेवर बसला. बसला तसा राग ओसरला आणि मागे जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. वर्षातून एकदा, ओल्या बोटांत एकेक नाणं धरून, ही बाई त्यावरची चित्रं बघत बसायची. ती लोंबी कसली, ते जहाज कुठलं, त्या मनोऱ्याला देऊळ म्हणायचं की काय, तिला काही माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. दारात आलेल्या गॅसवाल्याला त्याने सिंहाची आणि बुद्धाची गोष्ट सांगितली होती. बायकोला सांगावी असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ते एक लाल नाणं तिच्या हातून झालेलं शेवटचं काम होतं, आणि त्याने त्याची मिठाई वाटली होती. त्याने उशीत तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ तसाच पडून राहिला.

बाहेर आला तो साहेबांना उत्तर लिहायचं म्हणूनच. खोटं वजन कळवायचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. चार पूर्णांक बावीस. सोलला जाऊन काट्यावर पडेपर्यंत कुणाला कळणार नव्हतं, आणि तोवर कदाचित पाटी लागलीही असती. हा विचार थोडा वेळ टिकला. पण ज्या माणसाने आपल्याला शिकवलं त्यालाच त्याच्याच विषयात फसवायचं त्याला जमेना. त्याने लुबनाला फोन घेऊन बसवलं आणि सांगत गेला, ती इंग्रजीत लिहीत गेली. वजन चार पूर्णांक शून्य पाच भरलं. नाणं पितळेचं आहे. सोलांच्या पाण्याने लाल झालंय. आणि हे एकच नाही, डबीतलं प्रत्येक नाणं दर वर्षी त्याच पाण्यात धुतलेलं आहे.

"कोणी धुतली विचारणार तो," नूरुद्दीन म्हणाला. "लिही, मी धुतली."

लुबनाची बोटं थांबली. "दॅट्स नॉट ट्रू, अब्बा."

"लिही. मी धुतली, मना अक्कल नव्हती. दर वर्षी मीच."

तिने लिहिलं. सोलला तेव्हा रात्र पडली असणार, तरी उत्तर पंधरा मिनिटांत आलं. साहेबांनी कधी नव्हे ते आधी नमस्कार वगैरे लिहिला नव्हता. मिस्टर नूर, तुम्ही स्वतः? पहिल्या दिवशी मी तुम्हाला हेच सांगितलं होतं. सतरा वर्षं मला वाटत होतं की तुम्हाला यातलं कळतं. मग थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. फ्रेमसाठी मी इथल्या दुकानातून नाणी विकत घेतो. तुम्ही पाठवायची तसदी घेऊ नका. प्रवास सुखाचा होवो.

नूरुद्दीनने ‘येस सर’ असं लिहायला सांगितलं. चौतीस वर्षं तो सगळ्याच साहेबांना हेच म्हणत आला होता. नाव गेलं होतंच. पण यून साहेबांच्या रूपाने या जगात एक तरी माणूस असा होता जो नूरुद्दीनला जाणकार समजत होता, आणि आता तोही राहिला नाही. हे त्याला स्वच्छ कळलं.

लुबना म्हणाली, अजून खरं सांगता येईल. साहेब अम्मीला ओळखायचे, ते समजून घेतील. निदान तुमच्यावरचा ठपका जाईल. ती लिहायलाही लागली होती. नूरुद्दीनने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"तो तिच्या हातचा जेवलाय," तो म्हणाला. "त्याला तिचा तेवढाच म्हाईत असूं दे."

आईसाठी एवढं बोलताना लुबनाने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"हे तुम्ही तिला सांगायला हवं होतं, अब्बा," ती म्हणाली.

नूरुद्दीनने मान डोलावली. बाहेर असरची अजान झाली, पण तो उठला नाही.